वास्तू शांत झाली, भिंती ओल्या राहिल्या

बडोद्याच्या जुन्या वस्तीत, म्हणजे दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा या भागांत, गेली कित्येक वर्षे एक उद्योग अखंड चालू आहे. जुने वाडे उतरवावयाचे आणि त्या जागी सिमेंट-काँक्रीटची घरे उभी करावयाची. याबद्दल हळहळ व्यक्त करणारे लेख पुष्कळ झाले. त्यांत भर घालण्याची माझी इच्छा नाही. गळक्या कौलांखाली ज्याने बारा पावसाळे बादल्या सरकवल्या आहेत, त्याला स्लॅबचे अप्रूप वाटले तर त्यात नवल ते काय? मला लिहावयाचे आहे ते वाडा पाडण्याविषयी नव्हे, तर नव्या घरात शिरण्याच्या घाईविषयी.

ही घाई दरवर्षी ठरल्या वेळी येते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकीपर्यंत आपल्या बहुतेक घरांत वास्तुशांत होत नाही. त्यामुळे वैशाख संपत आला की घरधन्याचा जीव टांगणीला लागतो. ज्येष्ठातला अमुक मुहूर्त गाठायचाच, या हट्टापायी कडिया, सुतार, वायरमन आणि रंगारी असे चौघेही एकाच वेळी घरात घुसतात. एका खोलीत गिलाव्यावर पाणी मारणे चालू असते आणि शेजारच्या खोलीत पुट्टी घासली जात असते. मुहूर्त साधतो, होम होतो, दूध उतू घातले जाते, श्रीखंड-पुरीच्या पंगती उठतात. आठ-पंधरा दिवसांत पाऊस येतो, खिडक्या मिटतात, आणि श्रावणाच्या आत घरात एक वास भरून राहतो.

तो वास ज्याने एकदा घेतला आहे त्याला वर्णन करून सांगावयास नको. पहिल्याने कातडी चपला हिरवट होतात. मग पलंगाच्या डोक्याकडची भिंत, मग कपाटाची पाठ, मग गाद्या. कुटुंबात बोलाचाली सुरू होते. सासूबाई म्हणतात, वाड्यात असे कधी झाले नाही. चिरंजीव कंत्राटदाराला फोन करतात. कंत्राटदार शांतपणे म्हणतो, "भेज छे, साहेब, नीकळी जशे." आणि गंमत अशी की तो बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. भेज आहे, आणि तो निघून जाईल. फक्त केव्हा जाईल आणि जाताना बरोबर काय घेऊन जाईल, एवढेच तो सांगत नाही.

हे पाणी पावसाचे नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. गच्चीला भेग शोधतात, नळ तपासतात, शेजाऱ्याच्या न्हाणीघरावर संशय घेतात. कधी तो खराही असतो. पण नव्या घरातले पहिल्या वर्षाचे पाणी आपणच, मजुरी देऊन, भिंतींत भरलेले असते. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी नऊ इंची भिंत घ्या. तिला हजाराच्या आसपास विटा लागतात. वीट लावण्यापूर्वी भिजवावी लागते, नाही तर ती चुन्या-सिमेंटातले पाणी ओढून घेते आणि जोड कच्चा राहतो. तीन किलोची वीट पाव ते अर्धा लिटर पाणी सहज पिते. म्हणजे त्या एका भिंतीत अडीचशे ते पाचशे लिटर पाणी झाले. आता स्लॅब. पन्नास किलो सिमेंटच्या पोत्याला साधारण पंचवीस लिटर पाणी घालतात. त्यातले अकरा-बारा लिटर सिमेंटशी रासायनिक संयोग पावून दगड होते. उरलेल्यातले काही आत अडकून राहते आणि बाकीचे बाहेर पडल्यावाचून गत्यंतर नसते. शंभर चौरस मीटरच्या, पाच इंची स्लॅबमध्ये असे दोन हजार लिटरच्या वर पाणी ओतलेले असते. गिलाव्याचे आणि फरशीखालच्या मसाल्याचे पाणी वेगळेच. मध्यम घराची बेरीज केली तर पाच हजार लिटरचा एक टँकर घरात उभा आहे असे समजण्यास हरकत नाही.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. ओल वाईट असे ऐकले की काही उत्साही मंडळी पाणी मारण्यातच काटकसर करू लागतात. तसे करू नये. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्यानेच घट्ट होते. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राख मिसळलेल्या, म्हणजे हल्ली सर्रास मिळणाऱ्या सिमेंटला निदान दहा दिवस सतत ओले ठेवावे लागते. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात त्याहून अधिक ठेवले तर उत्तमच. तेवढे दिवस पाळी बांधून स्लॅबवर पाणी साठवावे, भिंतींवर गोणपाट टाकावे, हात आखडू नये. पाणी मारणे थांबले की दुसरा अध्याय सुरू होतो आणि तो फार संथ असतो. पहिल्या आठवड्यात भिंत पांढरी पडते, हाताला कोरडी लागते, आणि माणूस फसतो. वरचे पाणी वाऱ्याबरोबर जाते, आतले मात्र बारीक छिद्रांतून वाट काढीत पृष्ठभागापर्यंत येते. काँक्रीट महिन्याला इंचभर वाळते असा जुन्या बांधकामवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे, तोही हवा कोरडी असेल तर. दोन्ही बाजूंनी मोकळ्या असलेल्या नऊ इंची भिंतीला या मापाने चार महिन्यांच्या वर लागतात. पावसाळ्याचे महिने त्यात धरावयाचेच नाहीत.

ते का धरावयाचे नाहीत, हे हवेच्या हिशेबावरून कळेल. चाळीस अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ५१ ग्रॅम वाफ धरू शकते. मेच्या दुपारी दमटपणा २५ टक्के असला तर तिच्यात तेरा ग्रॅमच वाफ असते. आणखी अडतीस ग्रॅमची जागा रिकामी असते. ऑगस्टात हवा अठ्ठावीस अंशांची आणि दमटपणा ९० टक्के. सत्तावीस ग्रॅमची ताकद, त्यातले चोवीस आधीच भरलेले. ती बिचारी तुमच्या भिंतीतले पाणी नेणार किती? तीन ग्रॅम. मेची हवा ऑगस्टच्या हवेपेक्षा बारा-तेरा पट पाणी उचलते. पौष-माघातली दुपारही वाईट नाही. अठ्ठावीस अंश आणि चाळीस टक्के धरले तर सोळा ग्रॅम जागा उरते. म्हणून "खिडक्या उघड्या ठेवा" हा सल्ला माघात अमृतासारखा आणि श्रावणात पुष्कळदा निरुपयोगी असतो. झडीच्या दिवशी सताड उघडलेल्या खिडकीतून ओल बाहेर जात नाही, आत येते.

मुहूर्तग्रंथांनी नव्या घराच्या प्रवेशाला माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ हे महिने उत्तम आणि कार्तिक, मार्गशीर्ष मध्यम मानले आहेत. शास्त्रकारांच्या मनात भिंतींची ओल होती असे मी म्हणणार नाही. उत्तरायणाचा विचार त्यात स्पष्ट आहे. पण योग जुळतो खरा. पावसाळ्यापूर्वी स्लॅब पडावा, गिलावा दिवाळीच्या सुमारास उरकावा, हिवाळाभर घर उघडे राहावे आणि अक्षय्य तृतीयेला माणसे आत यावीत, यासारखा दुसरा क्रम आमच्या हवेला नाही. बिघडतो तो ज्येष्ठामुळे. तोही उत्तम महिन्यांत गणलेला असल्याने चैत्रात गिलावा झालेल्या घरालाही तो दार उघडून देतो.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे वळू. वाड्यात असे होत नव्हते का? होत होते. पायाशी ओल रोखणारा थर नसल्याने गुडघाभर उंचीपर्यंत लोणा लागलेल्या भिंती मी अनेक वाड्यांत पाहिल्या आहेत. पण तेथे बुरशीला तितके फावत नसे, हेही खरे, आणि त्याची कारणे साधी आहेत. मधला चौक, फटी असलेली लाकडी तावदाने, पाटईची तक्तपोशी, दिवसरात्र धुगधुगणारी चूल. वारा अडवू म्हटले तरी अडत नसे. शिवाय भिंतीला चुना. चुना अतिशय अल्कधर्मी असल्याने ताज्या सफेदीवर बुरशी सहसा धरत नाही, आणि दरवर्षी दिवाळीला नवी सफेदी होतच असे. चुन्याचा लेप वाफेला अडवतही नाही. आजच्या घराला काचेच्या सरकत्या खिडक्या, प्रत्येक शयनगृहाला जोडून न्हाणीघर, आणि ओल्या गिलाव्यावर प्लॅस्टिक पेंटचा पापुद्रा. पाण्याला बाहेर पडावयाचेच असते. ते पापुद्रा फुगवते, पोपडे काढते, आणि पेंटमधल्या सेंद्रिय द्रव्यावर व वर बसलेल्या धुळीवर बुरशीची पंगत बसते.

चुन्याची गोष्ट निघाली आहे म्हणून एक जुनी हकीकत सांगतो. चुना घट्ट होण्यासाठी हवेतला कर्बवायू शोषतो आणि त्या क्रियेत स्वतःच पाणी सोडतो. म्हणजे चुन्याचे नवे घर घट्ट होतानाही ओलच टाकते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिन शहर झपाट्याने वाढत होते, तेव्हा तेथल्या घरमालकांनी यावर एक क्रूर तोड काढली होती. नव्या, ओलसर इमारतीत गरीब कुटुंबांना अगदी स्वस्त भाड्याने राहू द्यावयाचे. त्यांच्या श्वासांतला कर्बवायू आणि त्यांच्या शेगड्यांची ऊब यांनी भिंती वाळावयाच्या. घर वाळले की त्यांना काढून चांगल्या भाडेकरूला आणावयाचे, आणि ती माणसे पुढच्या ओल्या घरात जावयाची. त्या लोकांना जर्मन भाषेत घर "राहून वाळवणारे" असे नावच पडले होते. आपण ज्येष्ठात नव्या घरात शिरतो तेव्हा हेच काम करतो. फरक इतकाच की भाडे घेण्याऐवजी बँकेचा हप्ता भरतो.

आणि आपण वाळवतो तरी कसले! माणूस श्वासावाटे आणि घामावाटे दिवसाला लिटरभर पाणी हवेत सोडतो. पाच माणसांचे घर असेल तर पाच लिटर. स्वयंपाकाच्या गॅसचे एक किलो जळले की दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन निघते. चौदा किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत बावीस लिटरच्या आसपास. अंघोळी, कपडे, फरशी पुसणे वेगळे. म्हणून खोली बंद करून गॅसची शेगडी पेटवून ठेवण्याचा जो उपाय कोणी सांगतो, तो विहिरीत पाणी ओतण्यासारखा आहे. कोळशाची शेगडी त्याहून वाईट. बंद खोलीत ती जीव घेते.

नव्या भिंतीवर पांढरे काही दिसले की लगेच बुरशी म्हणून घाबरू नये. लोणा आणि बुरशी या वेगळ्या गोष्टी आहेत. विटांतले आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जाते आणि मागे पिठासारखी पांढरी भुकटी उरते. ओले बोट लावले की ती विरघळते आणि तिला वास नसतो. तो भिंत वाळत असल्याचा पुरावा आहे. कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये, कारण धुतल्यास क्षार पुन्हा आत जातो. बुरशी काळी, हिरवी, कधी पांढरी केसाळ असते, बोटाने फरफटते, आणि कुबट वास देते. शंका वाटल्यास ब्लीचचा एक थेंब टाकावा. बुरशीचा डाग फिका पडतो.

ज्यांना थांबणे शक्य आहे त्यांना माझे सांगणे एवढेच, की पहिले वर्ष भिंतीला चुन्याची सफेदी द्या आणि रंग, पुट्टी व भिंतीला चिकटून बसवावयाची प्लायवुडची कपाटे पुढच्या वर्षावर टाका. सुताराला हे आवडणार नाही. रंगाऱ्यालाही नाही. भिंत वाळली की नाही हे पाहण्यास एक फुकटची परीक्षा आहे: दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा जाड तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला किंवा फरशीच्या खालच्या काँक्रीटला घट्ट चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी उघडावा. आतून थेंब दिसले किंवा तेवढाच चौकोन काळसर झाला असेल तर रंगाऱ्याला परत पाठवावे.

पण सगळ्यांना थांबता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. एकीकडे भाडे आणि दुसरीकडे हप्ता असे दोन्ही भरणाऱ्याला "एक उन्हाळा जाऊ द्या" हे सांगणे सोपे नाही. त्याने निदान इतके पाहावे. बाहेरच्या भिंतींपासून पलंग आणि कपाटे चार बोटे तरी दूर ठेवावीत. वारा न फिरणारी जागा बुरशीला सर्वांत प्रिय. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा व काम संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावा. कपडे खोलीत वाळत घालू नयेत. दमटपणा दाखवणारे छोटे यंत्र हल्ली काही शे रुपयांत मिळते. काटा साठ टक्क्यांच्या खाली आणता आला तर बुरशीची भीती नाही, ऐंशीच्या वर राहिला तर ती येणारच. पावसाळ्यात दिवसातले जे दोन-तीन तास बाहेरचा काटा आतल्यापेक्षा खाली असेल तेवढेच खिडक्या उघडाव्यात. हवेतले पाणी काढणारे यंत्र भाड्याने मिळाल्यास खिडक्या बंद करून चालवावे. ते दिवसाला कित्येक लिटर पाणी बादलीत जमा करते. एअर कंडिशनर लावणाऱ्यांनी खोली फार थंड करू नये. बावीस अंशांच्या भिंतीवर बाहेरची ऑगस्टची हवा आली की तिला घाम फुटलाच म्हणून समजा.

बुरशी धरलीच तर कोरडी झाडू नये. तिचे बीजकण घरभर उडतात. तोंडाला फडके बांधून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी आणि ती जागा लगेच पंख्याने वाळवावी. ब्लीच वापरावयाचेच असेल तर न्हाणीघर धुण्याच्या आम्लाबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. आणि बुरशीवरच रंग मारणे, जे सर्रास होते, ते केवळ खर्चाचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. दमा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींशी ओलसर घरांचा संबंध तिने मांडला आहे. ज्या घरात दम्याचे वृद्ध किंवा तान्हे मूल आहे, त्या घराने मुहूर्तापेक्षा हा विचार आधी करावा असे मला वाटते.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी ज्या तळमजल्यांत शिरले, तेथेही पुन्हा हाच प्रश्न उभा राहिला. पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत रंग लावून मोकळे झालेल्यांच्या भिंती आणि हिवाळाभर उघड्या ठेवलेल्यांच्या भिंती यांतला फरक आमच्या शहराने पाहिला आहे.

शेवटी ज्या गोष्टीमुळे मी हे लिहावयास घेतले ती. आपल्या जुन्या घरांत एक तरी पेटी असते. तिच्यात मोडी कागद, एखादी सनद, आज्ञापत्रिकेचे बांधीव खंड, पणजोबांचे पगडीतले छायाचित्र, पोथ्या, आजीचा शालू. हे सारे वाड्याच्या माळ्यावर शंभर वर्षे टिकले. ते नव्या घरात जाते कोठे? सर्वांत आतल्या खोलीतल्या, बाहेरच्या भिंतीला बसवलेल्या, नव्याकोऱ्या लॉफ्टवर. म्हणजे घरातल्या सर्वांत ओल्या, सर्वांत बंद जागी. पुस्तकाच्या बांधणीतली खळ आणि छायाचित्रावरचा जिलेटिनचा थर हे बुरशीचे आवडते खाद्य आहे, आणि ओल कायम राहिली तर ती एक-दोन दिवसांतही रुजू लागते. दिवाळीला पेटी उघडावी तो पणजोबांच्या चेहऱ्यावर काळे ठिपके. ते पुसून जात नाहीत. वेखंड आणि निंबाचा वाळला पाला किडीसाठी ठीक. ओलीपुढे त्यांचे काही चालत नाही. कपाटात बारीक दिवा जळत ठेवण्याची जुनी युक्ती चांगली होती, पण ती तारेच्या दिव्याच्या उष्णतेवर चालत असे. आजचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. कागद सर्दलेच तर आधी सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवावेत, मग गच्चीवर नेऊन मऊ ब्रशने झटकावेत. गाद्यांना ऊन द्यावे, छायाचित्रांना देऊ नये.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने ज्येष्ठात वास्तुशांत केली, माणसे राहावयास गेली, पण पेट्या दांडिया बाजारातल्या मावशींच्या जुन्या घरी ठेवल्या. मावशींनी त्या माळ्यावर न चढवता पाटांवर मांडल्या आणि त्यावर बसून निवडणे-टिपणे केले. संक्रांतीनंतर प्लॅस्टिकचा तुकडा कोरडा निघाला तेव्हा कागद गेले. तंबोरा भोपळ्याचा, म्हणून त्याला फाल्गुनापर्यंत थांबवले.